तिचा अडकित्ता

बायको गेल्यापासून तिचा अडकित्ता माझ्या खिशातच असतो. मुलीकडे पुण्याला निघालो, तर जबलपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्या पोरीनं तो काढायला लावला.

"बाबूजी, ये अंदर नहीं जाएगा."

"तो फिर हम भी नहीं जाते."

सुपारी खाता का, तिनं विचारलं. म्हटलं, दातच नाहीत. बायकोचा आहे, मागच्या महिन्यात गेली ती.

पोरगी दुसरीला जागेवर उभं करून मला स्वतः सामानाच्या काउंटरवर घेऊन गेली. अडकित्ता पिशवीत ठेवून पिशवी सामानात पाठवायला लावली.

पुण्याला मुलगी बाहेरून फोन करून राहिली होती, मी पट्ट्यापाशी उभा. मोठमोठ्या पेट्यांमागून आमची कापडी पिशवी आली. आधी अडकित्ता खिशात घातला, मग फोन उचलला.