झाकलं, उघडलं

सहाची ताई हे नाव तिला गल्लीनं ठेवलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले की ती शिलाई मशीनवर कव्हर घालायची, दाराला कडी लावायची आणि सकाळपर्यंत बाहेर पाऊल टाकायची नाही. लोकांना वाटायचं, बाई शिस्तीची आहे. खरं काय ते धाकट्या भावाला ठाऊक होतं. अंधार पडला की लहानपणापासून तिच्या डोळ्यांपुढं भिंत उभी राहायची. नाइलाजानं बाहेर पडावंच लागलं, तर ती त्याचा खांदा धरून चालायची आणि मनातल्या मनात पावलं मोजायची.

भावाचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्याचं उभं आयुष्य गेलेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला आत बोलावून सांगितलं, की ताईचं आता दिवसाचं दिसणंही आकसत चाललंय, नळीतून बघावं एवढंच उरलंय, आणि तेही वर्षभरात जाईल. ताई बाहेरच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. कान तिचे तिखट.

घरी येताना ती म्हणाली, "बारक्या, मला एकदा रात्र दाखव."

"म्हणजे काय करू?"

"तुम्ही सगळे जेवून जिथं फिरायला जाता ना, त्या नदीवरच्या पुलाचा फोटो काढ. दिवसाउजेडी बघेन मी. आणि त्यात मी हवी. नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी रात्र बघितल्यासारखं होईल."

त्याच्या बायकोनं सुचवलं, मोबाइलवर काढा की, दोन मिनिटांचं काम. पण स्क्रीनच्या झगझगाटानं ताईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं. तिला कागदच हवा होता. त्यानं कपाटाच्या तळातून जुना फिल्मचा कॅमेरा काढला. रात्रीचा फोटो म्हणजे शटर उघडं टाकून उजेड थेंबाथेंबानं साठू द्यायचा. त्यात अंधारात फिल्म सुस्तावते. दहा मिनिटं पुरतील असं वाटतं तिथं चाळीस द्यावी लागतात. हा हिशेब बसेपर्यंत महिना गेला आणि छत्तीसातले पस्तीस फोटो वाया गेले. कुठं पूल काळाठिक्कर, कुठं दिव्यांचे नुसते पांढरे डाग. उरला एक. नवा रोल मागवला तर यायला दोन महिने लागणार होते. ताईचे दोन महिने असे उधळायची त्याची छाती होईना.

त्या रात्री त्यानं तिला काठावरच्या बाकावर बसवलं आणि तिसऱ्यांदा बजावलं, "हलायचं नाही. ओठसुद्धा नाही. गाडी आली की दिव्यांचा झोत पडेल, तेव्हा मी लेन्सवर टोपी घालेन आणि म्हणेन, झाकलं. तेवढ्यात काय ते खाकरून घे. उघडलं म्हटलं की परत दगड."

"वीस वर्षं गिऱ्हाइकांना नीट बस नीट बस म्हणून छळतोयस, आता माझी पाळी," ती म्हणाली आणि गप्प झाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यानं शटर उघडलं. बाराला पुलावरचे दिवे बंद होत. हातात पन्नास मिनिटं होती, लागणार होती चाळीस.

मग पलीकडच्या वळणावर ट्रक दिसला. त्यानं डोक्यावरची काळी लोकरीची टोपी काढून लेन्सवर चढवली. "झाकलं." ट्रक गडगडत गेला. पाठोपाठ वॉचमन काठी आपटत आला.

"काय चाललंय?"

"फोटो काढतोय."

"फ्लॅश तर दिसला नाही."

"हा चाळीस मिनिटांचा फोटो आहे."

"चाळीस मिनिटांत माणूस हातानं चित्र काढेल की हो." वॉचमननं टॉर्च बाकाकडं वळवला. "त्या बाई बऱ्या आहेत ना? हलेनात म्हणून विचारतो."

"आधी टॉर्च खाली करा," तो जवळजवळ ओरडलाच. मग स्वतःच्याच आवाजाला घाबरून त्यानं खिशातून स्टुडिओचं कार्ड काढलं, बहीण असल्याचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. वॉचमन विरघळला. त्याच्या मेव्हण्याच्या मोतीबिंदूपर्यंत गोष्ट गेली. तो गेल्यावर हा घड्याळाकडं टक लावून उभा राहिला. ताईला थंडी वाजत असेल. तिला ठसका लागला तर? पुलावरचा एखादा दिवा गेला तर? काट्यावरून नजर हलवायचीच त्याला भीती वाटत होती.

बाराला दहा कमी असताना शटर बंद करायला हात पुढं केला, आणि वाऱ्याची झुळूक टकलावर गार लागली. टोपी लेन्सवरच होती.

ट्रक किती वाजता आला ते त्यानं पाहिलंच नव्हतं. "ताई," तो म्हणाला, "मी उघडलं म्हणालो होतो का गं?"

बाकावरून उत्तर आलं नाही.

"बोल. झाकलेलंच आहे."

"नाही म्हणालास."

"मग सांगायचं नाहीस?"

"वाटलं, वॉचमनसमोर म्हणायला लाजला असशील. उघडलं असतंस आणि मी बोलले असते तर? एकच उरलाय म्हणालास." तिची मान अजून तशीच होती. "ट्रक आला तेव्हा बारा मिनिटं झाली होती. साठ-साठ मोजत होते मी."

ट्रक गेल्यापासून सव्वीस-सत्तावीस मिनिटं बाई उगाच दगड होऊन बसली होती. बारा आणि उरलेली दहा, बावीस. चाळिसाच्या निम्म्याहून थोडी जास्त. कमी उजेड म्हणजे काळा कागद, आणि काळं तर ती जन्मभर बघत आली होती.

"उघडलं," तो म्हणाला. ती दहा मिनिटं त्यानं घड्याळ पाहिलं नाही. तिच्या खांद्यांकडं पाहत राहिला. बाराला पूल विझला.

कमी पडलेला उजेड भरून काढायला फिल्म त्यानं डेव्हलपरच्या रसायनात नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतल्या लख्ख उन्हात, ताटाएवढा कागद तिच्यापुढं धरला. फोटो करडा होता, दाणेदार होता, पण पूल होता, दिवे होते, बाकावर ताई होती, पार कानातल्या खड्यापर्यंत.

तिनं कागद डोळ्यांजवळ ओढला. "पाण्याला इस्त्री केलीय का कुणी?" ती हसली. "आणि पूल कुठाय?"

पूल तिच्या अंगठ्यापासून चार बोटांवर होता. डॉक्टर म्हणाले होते वर्ष. त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि मनातून ते वर्ष खोडलं.

"वरच्या बाजूला," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला. मग कागदाची कडा धरून, तिची नजर होती तिथंच राहू देत, तो फोटोच तिच्यासमोरून सरकवू लागला. पाणी, काठ, पुलाचा पहिला खांब.

"हळू," ती म्हणाली. "एवढे दिवे असतात? थांब. इथंच धर."

तो धरून उभा राहिला. कागद हलू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं मनगट पकडलं.