प्रमोदिनीच्या फाटकासमोरची सप्तपर्णी

शंकर नगरात आमच्या गल्लीत प्रमोदिनीचं घर विचारा, कोणी नंबर सांगणार नाही. सप्तपर्णीच्या झाडासमोरचं, एवढंच म्हणतील. मी मीनल, तिची शेजारीण. तिच्याशी तोंडावर भांडायची हिंमत असलेली मी एकटीच, म्हणून तिच्याबद्दल मीच सांगते. दुसरं कोणी सांगायले बसलं तर नुसतं गोड-गोड सांगन.

नवरा गेल्यावर बाई मसाल्यांवर उभी राहिली. पंडरीच्या दुकानांपासून सदर बाजारापर्यंत, अख्ख्या शहरात तिचा काळा मसाला जाते. भाजताना चाखत नाही, नुसती हुंगते, आणि धणे जरासे जास्त झाले तर अख्खी कढई बाजूला ठेवते. नाकाचा तोरा तर विचारूच नका बाप्पा! कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाईची गाणी होतात, अन् शेवटी खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा सगळ्यांच्या हातातून फिरतो, उघडायचा नाही. आम्ही हलवून हलवून थकतो. ही एकदा हुंगते आणि सांगून मोकळी होते.

नवरा गेला त्याच वर्षी तिनं फाटकासमोर सप्तपर्णीचं रोप लावलं. मुलगा वरद आणि ते झाड, दोघं सोबतच वाढले. अश्विनात संध्याकाळ झाली की फुलांच्या वासानं गल्ली भरून जाते. प्रमोदिनीले वाटे, आपण गल्लीले हवा साफ करायचं औषधच दिलं.

मंग घरात सून आली. रुचिता बिलासपूरची, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते. गोड पोट्टी आहे. पहिल्याच अश्विनात संध्याकाळी तिची छाती वाजायले लागली. दुसऱ्या वर्षी वाफेचं मशीन घरी आलं. डॉक्टरांनी नीट समजावलं की प्रत्येक झाड पानांतून, फुलांतून हवेत काही ना काही सोडतच असते. त्यातलं बरंच आपल्याले मानवते, पण हिच्यासारख्या नाजूक छातीले सप्तपर्णीचा बहर सोसत नाही, अन् त्यात गाड्यांचा धूर मिसळला की आणखीच त्रास. प्रमोदिनी उठूनच आली तिथून. झाड हवा साफ करते, खराब नाही करत, असं तिचं ठाम मत. मंग कधी स्कूटरींवर खापर, कधी फ्रिजच्या पाण्यावर. मी म्हटलं, अवं, डॉक्टर काय उगाच बोलून राहिला? तर माझ्याशीच अबोला.

यंदा वरदनं शहराच्या दुसऱ्या टोकाले फ्लॅट पाहिला. दिवाळी झाली की आम्ही तिकडं जातो, असं त्यानं आईले सांगून टाकलं. ती त्याच्यासमोर "जा" म्हणाली, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओक्साबोक्शी रडली. तरी झाडाचं नाव काढू देईना. असा राग आला मले तिचा!

कोजागिरीले भुलाबाई यंदा तिच्याच अंगणात होती. झाड नुसतं लदलं होतं फुलांनी. रुचितानं दुपारीच खिरापत करून डबा बाहेर पाठवला, आणि स्वतः खिडक्या लावून आत बसली. गाणी झाली. डबा फिरत फिरत प्रमोदिनीकडं आला. तिनं झाकणाले नाक लावलं. पुन्हा लावलं. मंग एकदम रुबाबात म्हणाली, "सांजा. साजूक तुपातला."

डबा उघडला, तर वाटली डाळ. वरून हिंगाची अशी दणदणीत फोडणी! बाया हसल्या. मीही हसली. तिनं डबा उचलला अन् तडक घरात गेली. मी मागंमाग. आत बंद खोलीत तिनं पुन्हा हुंगलं, तर हिंगाचा वास लगेच आला. रुचिता पलंगावर उशीले टेकून श्वास ओढून राहिली होती.

"बाहेर फुलांच्या वासात मले हिंग नाही कळला," प्रमोदिनी हळूच म्हणाली. "हिंग! अन् मी तुले म्हणत होती, फ्रिजचं पाणी पिऊ नको."

दुसऱ्याच दिवशी ती नगर निगमात गेली. झाड तोडायची परवानगी मिळेपर्यंत तिनं तिथल्या साहेबांना चैन पडू दिली नाही. फांद्या छाटून भागन, असं मीच म्हटलं, तर म्हणे, छाटलं ते पुन्हा फुटते.

झाड तोडायले माणसं आली, तेव्हा रुचिता तोंडाले ओढणी बांधून फाटकात आडवी उभी राहिली.

"मम्मीजी, रहने दीजिए ना. हम लोग तो वैसे भी जा रहे हैं."

"म्हणूनच तोडून राहिली," प्रमोदिनी म्हणाली. "सावली नसली तर मी छत्री घेईन. तू नसली तर काय घेऊ?"

पहिली फांदी पडली तशी ती रडायले लागली, चांगली हुंदके देऊन, लाज न धरता. रुचितानं तिले आत ओढत नेलं. वरदनं तिथंच उभ्या-उभ्या फ्लॅटवाल्याले फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.