मानाचं पाणी

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी एमबीबीएस झाले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर पेढे वाटले. पुढं एमडीला मला रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र ही शाखा मिळाली, तेव्हा मात्र पेढे आले नाहीत. साथी का येतात ते शोधायचं, लसी, पाणी, गावाचं आरोग्य बघायचं, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुई टोचायची नाय, पोट कापायचं नाय. मग डॉक्टर कशाची गं तू?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. माझ्या मैत्रिणी बाळंतपणं करत होत्या, टाके घालत होत्या, आणि मी खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर जाऊन विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते शिकत होते. आमच्या शाखेतले पुढं गेलेले कुणी महापालिकेत आरोग्य अधिकारी झाले होते, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी कॉलेजातच शिकवायला राहिले होते. दारावर पाटी लावून दवाखाना कुणीच थाटला नव्हता. अण्णांना ती पाटी हवी होती. सीट सोडायची आणि पुन्हा प्रवेश परीक्षेला बसायचं, असं शहरात, गारखेड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

त्याच उन्हाळ्यात शेंद्र्याच्या बाजूला माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न झालं. ड्युटीमुळं मला जाता आलं नाही. लग्न लागलं, वऱ्हाड घरी गेलं आणि जुलाब-उलट्यांनी आडवं पडलं. नवरदेवाचं गाव पडेगावच्या पुढं. नवरी मांडवपरतणीला माहेरी आली होती, तिच्या मागोमाग सासरचा निरोप आला: "शिळंपाकं खाऊ घालून आमची माणसं मारायला निघाले होते. पोरगी ठेवून घ्या तिकडंच." कुणी दगावलं नव्हतं, पण सलाइन बऱ्याच जणांना लागलं होतं. लग्नघरच्या विहिरीचं पाणी तपासलं तर ते चांगलं निघालं. मग सगळा ठपका स्वयंपाकावर, म्हणजे नवरीच्या बापावर आला.

आत्याचा फोन आला. "तू एवढी शिकलीस ना? मग सांग की त्यांना, माझ्या घरचं अन्न शिळं नव्हतं म्हणून. पोरगी दारात बसून राहिलीय माझी."

मी आमच्या विभागप्रमुख मॅडमकडं गेले. शहरातल्या जुन्या मुसलमान घरातल्या बाई. मराठी अस्सल बोलायच्या, आणि राग किंवा माया दाटून आली की दखनीवर जायच्या. खेड्यात फिरायचं म्हणून साडीवर कायम कापडी बूट.

"आजाऱ्यांनी काय खाल्लं होतं?"

"पुरी, वरण-भात, बुंदीचे लाडू."

"आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनी?"

त्यांना मी विचारलंच नव्हतं.

"बेटा, आजारी माणसाला सगळेच विचारतात. जेवून धडधाकट राहिला त्याच्याकडं कोण जातं? चल."

आधी आम्ही सासरच्या गावी गेलो. विहीणबाईंनी दारातच अडवलं. "आता काय आमची पोटं तपासायला आल्या का?"

मॅडम हसल्या. "नाही हो. ज्यांची पोटं चांगली आहेत त्यांना भेटायला आले."

ओसरीवरून नवरदेवाचे आजोबा ओरडले, "मग मलाच भेटा! लाडू असे हाणले, की वाढपी पळाला. कायबी झालं नाय मला."

"आणि पाणी, आजोबा?"

"ते नाय प्यालो तिथलं. बर्फ घातला होता त्यात. माझे दात ठणकतात. घरनं तांब्या नेला होता मी."

मॅडमनी फक्त माझ्याकडं बघितलं. पुढं वऱ्हाडाचा जीपवाला भेटला. गडी अजून खाटेवरच होता. "मला तर एकादशी होती. घासबी नाय घेतला. पण पाणी... काय गार होतं मॅडम, लई प्यालो!"

न जेवलेला आजारी आणि पोटभर जेवलेला टुणटुणीत. पुस्तकात वाचलेलं असं समोर खाटेवर निजलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

तिथून आत्याच्या गावी गेलो. अण्णाही तिथंच होते. बायका सांगायला लागल्या. अन्न सगळ्यांना एकाच चुलीवरचं होतं. पाणी मात्र वेगळं. गावाला त्या विहिरीवरून भरलेल्या टाकीचं साधं पाणी, आणि वऱ्हाडाच्या पंगतीला मान म्हणून बर्फाचं.

"गावातलं कुणी आजारी पडलं?"

"सरपंच तेवढे," एकजण पदराआड हसली. "त्यांना मानानं वऱ्हाडात बसवलं होतं ना."

"बर्फ कुणी आणला?"

सगळ्यांच्या नजरा अण्णांकडं वळल्या. नवरीचा मामा म्हणून त्यांनीच हौसेनं लाद्या आणल्या होत्या. टेम्पोतून, भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून. त्या अंगणातून ओढत नेल्या, फोडल्या आणि पिंपात टाकल्या. सगळीकडं असंच करतात. मीही लहानपणापासून लग्नांत तेच पाणी पीत आले होते.

"बर्फात कसले जंतू?" अण्णा म्हणाले. "गारठ्यानं मरत नाय का ते?"

"नाही मरत, भाऊ. झोपतात. पोटात गेले की उठतात." मॅडमचा आवाज अगदी खाली आला होता. "माल थंड ठेवायचा बर्फ वेगळा आणि खायचा वेगळा, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं? नाही ना? मग कुसूर किसीका नई. पोरीच्या सासरी मी सांगून येते. तुमचं नाव घेणार नाही."

अण्णांनी टोपी सारखी केली. "नाव न घेता कसं? मान मी मिरवला ना? मग मीच येतो."

पुन्हा त्याच ओसरीवर अण्णा उभे राहिले. "विहीणबाई, पोरीच्या बापाला बोल लावू नका. अन्न ताजं होतं. बर्फ माझा होता. काय बोलायचं ते मला बोला."

विहीणबाई काही बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, "म्हणलं नव्हतं का मी, लाडू झकास होते!"

विहीणबाईंना हसू आवरलं नाही. "पाणी लई गार होतं भाऊ, ते काय खोटं नाय," म्हणत त्यांनी आत चहाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवरी सासरी गेली.

मी सीट सोडली नाही. नंतर सरकारी नोकरीत किती गावं पालथी घातली, पण अजूनही कुठं साथ आली की आधी धडधाकट माणसाचं दार वाजवते. मॅडमनी एकही गोळी न देता एक संसार वाचवला आणि माझ्या बापाची मान खाली जाऊ दिली नाही. एवढी मोठी डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीत लग्न होतं. अण्णा पिंपाशी ठाण मांडून बसले होते. "लादी पिंपाला बाहेरून लावा रं! पाण्यात बर्फाचा खडा पडला तर बघा!"

एका पाहुण्यानं विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझी पोरगी डॉक्टर हाय."

"व्हय का? कशाची?"

मी कान टवकारले. अण्णांनी जरा विचार केला. "दुखण्याच्या आधीची."

"अन् गोळी कंची देती?"

"गोळीबिळी नाय. लादी बाहेर लावा म्हणती."