मातामायचं पाणी आणि जमुनाबाईची दुसरी

आमच्या गावाच्या तोंडाशी निंबाखाली मातामाय ही गावदेवी बसली आहे. ऊन तापलं की जमुनाबाई डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन येते आणि मायला गार पाण्यानं न्हाऊ घालते. साठ वर्षं होत आली, लग्न गावातच झालं, नेम चुकला नाही.

जमुना दुसरीत गेली त्या साली गावोगाव देवीच्या रोगाची साथ आली. दारोदारी निंबाचे डहाळे लागले, पोरं घरात कोंडली गेली. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीतली, शाळा बंद पडली. मास्तर आपल्या गावी गेले, पडवीत शेळ्या बसू लागल्या. जमुनाच्या अंगावरही फोड उठले. तेव्हा तिची आई मातामायला नवस बोलली, "पोरगी वाचली तं पोरगीच रोज भर उन्हात आपल्या हातानं तुले थंड करन."

पोरगी वाचली. धान कापून झालं, शाळा उघडली. पण शाळाही भर उन्हातच भरायची, ती नाल्यापलीकडे आणि मातामाय अलीकडे. जमुनाचं दप्तर खुंटीलाच राहिलं.

यंदा त्याच शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला, तोही दुपारचा. शिकवणार तिचीच नात, खुशबू.

"मी येऊन राहिली," जमुनाबाईनं सांगून टाकलं.

शेजारची रुख्माबाई हसली. "आता कायले शिकते वं? वर कोणी दाखला मागत नाही."

"गाडीची पाटी वाचीन. गोरेगावच्या बाजारातून तूच मले गावच्या गाडीऐवजी देवरीच्या गाडीत बसवलं होतं!"

"अन् मायचं पाणी?"

बोल आईचा होता, पण जीव जमुनाबाईचा वाचला होता. संध्याकाळभर ती निंबाखाली बसून राहिली. सकाळी तिनं मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात कापडाची वात घातली, मडकं मायच्या डोक्यावर फांदीला टांगलं आणि आपल्या हातानं काठोकाठ भरलं. थेंब थेंब पाणी गळू लागलं.

"मायले चालन का हे?" रुख्माबाईनं विचारलं.

"काऊन नाही चालन? ओतलेलं पाणी घडीभरात सुकते, हे दिवसभर गळते. मायले थंडावा पाहिजे, माही धावपळ नाही."

दुपारी जमुनाबाई नाला ओलांडून वर्गात पोचली. खुशबूनं तिला पुढच्या रांगेत, नव्यानं अक्षरं शिकणाऱ्यांत बसायला सांगितलं.

"इथं कायले? मी दुसरीतली आहे. पहिली पास झालेली!"

खुशबूनं हसू दाबत फळ्यावर एक अक्षर काढलं. जमुनाबाईनं ते डोळे बारीक करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मग पदर सावरून खाली बसली.

"बरं," ती म्हणाली, "आजचा दिवस पहिलीतच बसते."