लाकडं तिनं नाही फोडली

सिविक सेंटरच्या बजारात तिच्याच गोळ्या घ्याले गेलो होतो. दुकानदार पुडी बांधून राहिला, तोच शेजारचा साहू सायकल घेऊन आला. म्हणे, "कका, घर चल." बस, एवढंच. मागं बसलो. घरी पोचलो तं आंगनात बायका जमल्या होत्या. माही बायको यमुना गेली, त्याले आता दीड महिना झाला.

पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालो, क्वार्टर सोडलं आणि रुआबांधा वस्तीच्या पुढं शेताच्या कडेले दोन खोल्या बांधल्या. गल्लीत सगळे आमच्याच भट्टीवरचे रिटायर लोक. यमुनाचं काळीज कमजोर झालं होतं. डॉक्टरनं सांगतलं, जड काम बंद. पण चुलीवरच्या कढत पाण्याशिवाय तिचं अंग मोकळं होत नव्हतं. म्हणजे लाकडं फोडणं माह्यावर आलं, आणि मले लाज वाटे. भट्टीवर एक जण बायकोची लुगडी धुवे, त्याले आम्ही "वहिनी" म्हणत होतो. ते नाव मीच काढलं होतं. आता तोच समोर राहत होता.

मग मी अंधार पडल्यावर फोडाले लागलो. कुऱ्हाडीचा आवाज गल्लीभर जाये, पण फोडणारा दिसत नव्हता. सकाळी ढीग पाहून साहूची बायको म्हणे, "काकी, तोर हाथ म अब्बड़ ताकत हे!" म्हणजे लई जोर हाय हातात. यमुना हसे. "भट्टीवाल्याची बायको हाय मी," म्हणे.

एकदा मले म्हणाली, "एक दिवस उजेडात फोडा ना जी. मले पायचं हाय तुमाले."

"वेडी झाली का तू? समोरचा पाहीन तं काय म्हणंन?"

"म्हणू द्या. गल्लीत दोन वहिन्या होतीन." हसता हसता दम लागला तिले... मी काही उजेडात फोडलं नाही.

दहाव्याले तिचा भाऊ भंडाऱ्याहून आला. सारी गल्ली बसली होती. सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, अशा बिमार बाईच्या हातात कुऱ्हाड देली तुमी. सारे सांगून राहिले. मारली तुमी माह्या बहिणीले." समोरचा बी मान खाली घालून बसला. मी म्हणाले पायजे होतं, मीच फोडत होतो. नाही म्हटलं. बायकोले मारणारा म्हणून घेतलं, पण वहिनी म्हणून घ्याले जीभ उचलली नाही... असा मी माणूस.

म्हणून आता लिहून राहिलो. चौथी शिकलो, माही पोरगी चुका सुधारते. लाकडं मी फोडत होतो. यमुनानं एक बी नाही फोडलं. ती सैपाकखोलीच्या उंबऱ्यावर अंधारात बसे. रस्त्यानं कोणी आलं का ती खोकले. मी घरामागं लपे आणि ती कुऱ्हाड घेऊन उभी राहे. गल्लीनं पायलं ते हेच. खरं सांगू, मले त्यात मजा ये. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं तेच एक काम.

आता सांज पडायच्या आधीच आंगनात जातो. दोन-चार फोडतो. रस्त्यानं लोक येतात, पाहतात, जातात... उंबऱ्यावरून कोणी खोकलत नाही.