खापरापुढची जागा

माझ्या सासूबाई भिकुबाई यांच्याइतकं जळकं माणूस नरडाण्याच्या आसपास दुसरं नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. "जळस ते जळस, तुनं काय जास?" म्हणाल्या.

तीस वर्षं गावातले मांडे त्यांच्या हातचे. पुरण भरलेली सैल कणीक या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. लग्न असो की अक्षय्यतृतीयेची आखाजी, खापरापुढचा पाट त्यांचा. त्यांच्या धाकट्या जाऊबाई, यशोदाकाकू, शेजारी बसून पुरण भरून द्यायच्या. सासूबाईंनी त्यांना शिकवलं मात्र कधी नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी वेणी घालता येईना, मग चोळीत हात जाईना. निदान त्यांच्याकडे तयारच होतं: "यशोदानी नजर लागनी मना खांदाले." दृष्ट काढून झाली, तेल चोळून झालं, मग हात फडक्यानं गळ्यात बांधला. हलवायचा म्हणून नाही. तीन महिन्यांत हात कमरेच्या वर जाईना.

मी भांडून त्यांना धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. "आजी, मधुमेहात खांदा असा आखडतो. तुम्ही बांधून ठेवलात, म्हणून जास्तच आखडला." गोळ्या सुरू झाल्या, साखर आटोक्यात आल्यावर सांध्यात एक इंजेक्शन दिलं, आणि रोजचा व्यायाम सांगितला. भिंतीला बोटं टेकवायची आणि सरकवत सरकवत हात वर न्यायचा. वर्षभर लागेल म्हणाले.

व्यायाम दोनच दिवस चालला. मग आखाजी आली आणि पाटावर यशोदाकाकू बसल्या. मांडे उतरत होते, बायका वाहवा करत होत्या, आणि आमच्या सासूबाई ओट्यावर फणफणत होत्या. "मी शिकाडं नही, देखीसन चोरी लिधं तिनी!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या भिंतीशी उभ्या. डोळ्यांतून पाणी, तोंडानं काकूंचा उद्धार, पण बोटं चढत होती. मी पेन्सिलीनं खूण करायचे. काकूंना मांडे करायला कुठलं बोलावणं आलं की त्या दिवशी खूण हमखास वर जायची. मला तर मनातून काकूंचे आभारच मानावेसे वाटत.

वर्ष उलटलं, हात डोक्यावर गेला. नात्यातल्या अभिमन आबांच्या मुलीच्या लग्नात सासूबाई थेट चुलीपाशी गेल्या. काकू लगेच उठल्या. "या अक्का, बसा. तुमनीच जागा शे." सासूबाईंना तेही खुपलं, त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या.

पहिलाच मांडा कोपरापर्यंत गेला, कुठे फाटला नाही. माझाच ऊर भरून आला. तेवढ्यात शिरपूरची विहीण आत आली. ती साखरपुड्याला काकूंच्या हातचे मांडे खाऊन गेलेली. घास घेत म्हणाली, "यशोदाबाईनाच हात! लगेच वळखू येस."

"मना नही व माय, अक्काना शे," काकू घाईनं म्हणाल्या.

विहिणीनं सासूबाईंकडे कौतुकानं पाहिलं. "मंग यशोदाबाईनी चांगलं शिकाडं यास्ले."

सासूबाईंनी राहिलेले सगळे मांडे केले. घरी येताना रिक्षात माझा हात धरून म्हणाल्या, "पुनम, खांदा दुखे तवय लोक इचारेत तरी, भिकुबाई मांडाले कवय बसतीन? आते कोन इचारी?"