सगळेच रामा

बोलपटकाका सिनेमा बघताना सगळ्यांच्या आधी हसायचे, आणि पडद्यावर घरगडी आला की एकदम गप्प व्हायचे. इथे आखातात, सलमाबादच्या एका गॅरेजात ते वेल्डर होते. बाबा आणि ते एकाच गावचे, म्हणून दर शुक्रवारी हमद टाउनला आमच्याकडे जेवायला यायचे. जेवण झालं की फोन तांब्याला टेकवून अगदी जुने विनोदी बोलपट लावायचे. त्यावरून मी त्यांचं हे नाव ठेवलं.

"मुको सिनेमा होतो तेव्हा गडी नुस्तो पडायचो," ते मालवणीत म्हणायचे. "बोलपट इलो, तेका तोंड मिळाला. पण बोलूक काय दिला? आमची भाषा. ती ऐकान लोक हसतत."

"मग बघता कशाला?"

"आमचो माणूस दुसरीकडे खंय दिसता गे?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सेमिनारला काय घ्यावं सुचत नव्हतं, ते तिथे सुचलं: सुरुवातीच्या विनोदी बोलपटांत कोण दिसतं, आणि कोणाला हसतात. काकांना फार आनंद झाला.

"चेडवा, लिहून घे. माझो आजो मुंबयत घरगडी. नाव गोविंद. पण त्या बिल्डिंगीत सगळेच गडी रामा. जिन्यात कोणी 'रामा!' म्हणान हाक मारली की चौगे धावत. तू कॉलेजात आज्याचा खरा नाव घे. तेवढा कर."

सेमिनारच्या दिवशी मी निबंध वाचायला उभी राहिले. इंग्रजीतलं वाचन कोणी ऐकत नव्हतं. मग काय वाटलं कोण जाणे, मी काकांच्या आवाजात, त्यांच्याच हेलात 'रामा!'चा प्रसंग करून दाखवला. मराठीचा एक शब्द न कळणारी मुलंही हसली. मी पुन्हा केला. वेळ संपली आणि नाव राहून गेलं. लेखी निबंधातही मी 'एक रामा' एवढंच लिहिलं होतं.

शुक्रवारी मी आमटी वाढत असताना काकांनी विचारलं, "पोरां हसली काय?"

"नाही काका."

"आणि आज्याचा नाव?"

"घेतलं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भात मागितला.

पुढे त्यांचं गॅरेज बंद झालं. "व्हिसा खलास," म्हणत ते गावी गेले. परवा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "आवशीक सांगलंय. सासऱ्याचा नाव कॉलेजात घेतला म्हणान ती रडली. तो कागद धाड, फ्रेम करून लावतलंव."

निबंधाची फाइल मी उघडली. 'रामा' खोडून 'गोविंद' करायला एक मिनिट पुरलं असतं. केलं नाही. त्याऐवजी हे मराठीत लिहिलं, कारण त्यांच्या आईला वाचून दाखवता येईल. यात नाव आहे, आणि ते मी तेव्हा घेतलं नव्हतं, हेही आहे. आज हेच त्यांना पाठवते आहे. भिंतीवर लावायचं की नाही, ते आता त्यांनी ठरवायचं.